शब्दाला पाच पैसे

सेठ तमाचंद बोलायचा फार.
खुर्चीच्या हातावर मगरीचं तोंड, बोटांत पाच अंगठ्या,
समोर दोरखंडानं करकचून बांधलेला वज्रवेग.
तरी गोळी घालायची नाही. आधी बोलायचं.
बेत सांगायचा, बॉम्ब कुठे ठेवलाय ते सांगायचं,
किती मिनिटं उरलीत तेही.

नाना ते सगळं फुग्यांत लिहायचे
जुन्या इंदुरात, चोरडियाजींच्या छापखान्यात मागच्या खोलीत,
कटनिबनं, श्वास धरून.
शब्दाला पाच पैसे.

वज्रवेग अख्ख्या अंकात जेमतेम वीस शब्द बोलायचा:
ठहरो. असंभव. तेरा खेल खत्म.
आणि धडाम, सटाक, भडाक
हे चित्रकाराच्या हिशेबात जायचं.
आमच्या घरचं दूध तमाचंदकडून यायचं.
माझी सायकल त्याची.
आईची दाढ त्याच्याच एका लांबलचक धमकीत निघाली.

महिना ओढाताणीचा असला की नाना
त्याच्या तोंडी एखादं जास्तीचं 'मूर्खो!' घालायचे.
चोरडियाजींची लाल पेन्सिल थबकायची:
"लिखितेबाबू, आपका विलन बहुत बोलता है."
"खानदानी है, सेठ."

चौसष्टाव्या अंकात तो तेजाबाच्या हौदात पडला.
आई लाटता लाटता थांबली.
"मेला? आणि सहामाहीची फी?"
सहासष्टाव्यात हौदाच्या काठावर पाच अंगठ्या दिसल्या,
त्या रात्री आम्ही सराफ्यात जाऊन गराडू खाल्ले.

छापखान्यात आणखी एक जण यायचा.
साधा शर्ट, रबरी चप्पल, अंगठी एकही नाही.
कागदाच्या रिमांवर बसायचा,
चहा बशीत ओतून साय धरेपर्यंत बघत राहायचा.
निघताना काहीतरी म्हणायचा, इतकं हळू
की मशीन बंद करावं लागे:
"बच्ची कौन से स्कूल में है, भिया?"
चोरडियाजी गल्ला उघडायचे.
मी टेबलाखाली बसून पेन्सिलीच्या रेघा खोडत होते.
त्यांची बच्ची की नानांची,
हे कुणीच विचारलं नाही.

परवा नानांना विजयनगरच्या मल्टिप्लेक्सात नेलं.
वज्रवेगवर सिनेमा आलाय.
तमाचंदला त्यांनी लहानपण दिलंय,
बंद पडलेली गिरणी, पट्ट्यानं मारणारा बाप.
मगर काढून घेतली. अंगठ्या काढून घेतल्या.
काळ्या गाडीची काच चार बोटं खाली होते
आणि तो वज्रवेगच्या आईला विचारतो,
अगदी हळू, घसा बसल्यासारखा,
"गुडघा कसा आहे आता?"

नानांनी माझं मनगट धरलं.
ब्याऐंशी वर्षांची बोटं, आणि पकड ही अशी.
मध्यंतरात म्हणाले, चल.
पॉपकॉर्न अर्धं राहिलं.

रिक्षात गप्प.
पलासियाच्या सिग्नलला म्हणाले,
"नट चांगला आहे. फारच चांगला.
असाच असतो तो."
दिवा हिरवा झाला, मागचे भोंगे वाजायला लागले,
त्यात त्यांचं पुढचं निम्मंच ऐकू आलं,
"...म्हणून तर बोलायला लावायचो त्याला."

घरी आल्यावर त्यांनी वाळलेल्या शाईत दोन थेंब पाणी घातलं.
वीजबिलाची पाठ. हात कापत होता,
पण निब टेकली की थांबत होता.
पहिला शब्द 'मूर्खो!'
मग त्या रबरी चपलेवाल्याचं नाव,
त्याची गल्ली, त्याचा वार,
कुणाकडून किती, आणि कुठल्या डब्यात ठेवतो.
सगळं त्यानं स्वतःच सांगितलेलं,
खदाखदा हसत.

भोवती फुगा काढला. शेपटी जरा वाकडी गेली.
चष्मा कपाळावर सरकवून मोजलं.
"एकतीस," म्हणाले.
"एक रुपया पंचावन्न पैसे."